सहा गढूळ नळ्या

"साबण राहिला असेल," मोठे सर म्हणाले, आणि आजीचा ब्रश बाटलीच्या गळ्यातच थांबला.

"कुणाचा साबण?"

मोठे सर म्हणजे या प्रयोगशाळेचे मुख्य. त्यांच्याशी या पट्टीत बोलायची कुणाची छाती नव्हती. आजीची होती. एकतीस वर्षं ती इथल्या काचा धूत होती. सर नवीन लागले तेव्हा त्यांनी फोडलेल्या पहिल्या बाटलीचे तुकडे तिनेच उचलले होते, आणि ते ती त्यांना विसरू देत नसे.

"तुमच्यावर नाही बोलत हो आजी. हिच्या नळीत जंतू मेलेत. हिच्या औषधाने मेले, का नळीला साबण राहिला म्हणून मेले, कसं सांगू? साबणानेही मरतात ते."

ही म्हणजे चष्मेवाली. कुठकुठली माती आणून, तिच्यातून अर्क काढून ही पोरगी दोन वर्षं एकाच जंतूच्या मागे लागली होती. लहान मुलांच्या छातीत बसणारा हट्टी जंतू, कशालाच दाद न देणारा. काल पहिल्यांदा तो मेला होता. पण त्या आनंदाच्या घाईत औषध न घातलेली एक नळी शेजारी ठेवायला ती विसरली होती. आता ताडून बघायचं कशाशी?

"तेवढी ठेवली असतीस, तर माझ्या साबणाचं नाव निघालं असतं का गं?"

"चुकलं, आजी."

"चुकलं म्हणे! माझी नात चार वर्षांची आहे. ती एका बाहुलीला औषध पाजते, दुसरीला नुसतं पाणी. तिला कळतं!"

आजीने एप्रनची गाठ आवळली. "बारा नळ्या काढ. मी धुते. आणि सर, तुम्ही इथे उभं राहून बघायचं."

सर हसले, पण उभे राहिले.

पाच पाणी नळाची, दोन डिस्टिल्ड. मग नळी खिडकीकडे धरायची. शेवटचं पाणी पडदा उतरावा तसं सरकन उतरलं पाहिजे. तिसऱ्या नळीला एक थेंब चिकटून राहिला.

"चालेल हो," सर म्हणाले.

"तुम्हाला चालेल. मला नाही." ती नळी पुन्हा पहिल्या पाण्यापासून धुतली गेली.

बाराही नळ्यांत खुराक भरला, जंतू सोडले. सहांत औषध घातलं, सहांत नाही. चष्मेवालीने नळ्या उबेच्या कपाटात ठेवल्या. "आजी, औषध नसलेल्या सहा उद्या गढूळ व्हायला हव्यात. गढूळ म्हणजे जंतू वाढले, म्हणजे काचेचा दोष नाही. आणि या दुसऱ्या सहा नितळ राहिल्या ना, तर..." तिने कपाटाला कुलूप लावलं.

संध्याकाळी घरी सुनेने दुसऱ्यांदा ताट वाढलं. "आई, जेवा की. काय झालंय?"

"जन्मभर काच लखलखावी म्हणून हात झिजवले, आणि आज मी म्हणतेय, गढूळ हो गं बाई, गढूळ हो. वेड लागलंय सासूला तुझ्या."

सून हसली. आजी हसली नाही. तिला आपली थोरली लेक आठवत होती. अडीच वर्षांची, श्वासागणिक बरगड्या आत ओढणारी. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "यावर औषध अजून निघालेलं नाही." आजीची शाळा दुसरीतच सुटलेली. औषध निघतं म्हणजे नेमकं कुठून, हे तिने चार जणांना विचारलं, आणि महिनाभरात इथे येऊन काम मागितलं. काय येतं, असं विचारल्यावर म्हणाली होती, "भांडी घासता येतात."

सकाळी ती सगळ्यांच्या आधी पोचली. कपाटाची किल्ली चष्मेवालीकडे, आणि ती धापा टाकत आली तर किल्ली कुलपात जाईना.

"आण इकडे!" आजीने किल्ली हिसकावली आणि दार उघडलं.

सहा नळ्या तांदळाच्या धुवणासारख्या गढूळ. सहा नितळ, पलीकडे धरलेलं बोट दिसावं अशा.

चष्मेवाली किंचाळली. तिने आजीला मिठी मारली, सोडलं, पुन्हा मारली. जिन्यावरून धावत आलेले सर नळ्यांपुढे वाकले. एक-एक उचलून पाहिली. पुन्हा पाहिली.

"आजी, माझं चुकलं."

"ते राहू द्या. औषध निघालं का, ते सांगा."

"निघायला लागलंय! आता हेच साठ वेळा करून बघायचं. मग उंदरांवर. मग माणसांवर. लागतील सात-आठ वर्षं."

"आठ वर्षं," आजी म्हणाली. "आणि तोवर खोकणाऱ्या पोरांनी काय करायचं?"

सरांनी हातातली नळी जागेवर ठेवली.

"मग उभे काय राहिलात सगळे? ढीगभर नळ्या लागतील ना? मला कालपर्यंतची काच मोकळी करून द्या!"

धुण्याआधी नळ्या वाफेच्या भांड्यात घालायच्या, म्हणजे आतले जंतू मरतात. आजी त्या भांड्यापाशी गेली आणि एक गढूळ नळी तिने खिडकीकडे धरली. ज्याच्यासाठी ती इथे आली होती, त्याला ती पहिल्यांदाच समोरासमोर बघत होती. हलवली की धूर उठावा तसा तो नळीत उठत होता.

मग तिने सगळ्या नळ्या आत ठेवल्या, झाकण लावलं आणि त्याचे स्क्रू एकेक करून आवळले.

संध्याकाळी ते झाकण उघडायला दोन माणसं लागली.