दोन सीटांच्या मधली जागा

धाकटा गेला तेव्हा बावीस वर्षांचा होता. शिकाऊ विमान, शेजारच्या सीटवर शिकवणारा मास्तर, सकाळची स्वच्छ वेळ. आणि तरीही ते विमान नांगरलेल्या जमिनीत नाक खुपसून घुसलं. मास्तर पाय मोडून घेऊन वाचला. धाकट्याला बाहेर काढायला पत्रा कापावा लागला. अहवालात चार ओळी होत्या: उंची कमी, वारा उलटा, सावरायला वेळ मिळाला नाही, दोष कुणाचाच नाही.

याला सव्वीस वर्षं झाली. त्याची थोरली बहीण, जिला तो ताई म्हणायचा आणि पुढे सगळेच ताई म्हणू लागले, आता पन्नाशी ओलांडून गेली होती. पहिल्या मजल्यावरच्या घरात ती आणि ऐंशीची आई, अशा दोघीच. मागच्या खोलीत ताई कवळ्या बनवायची. गावातले चार दातांचे डॉक्टर तिच्याकडेच काम पाठवत, आणि खालचा शिंपी तिला तोंडावरच ‘कवळीवाली’ म्हणत असे. तिच्या मेजावर प्लास्टरचे जबडे रांगेने आ वासून बसलेले असत.

भिंतीला ओल आली म्हणून रंगाऱ्याने कपाट सरकवलं आणि माळ्यावरून एक खोका खाली आला. आत प्लास्टिकचं विमान, जुळवायचं. धाकटा जे विमान शिकत होता, तेच. त्याने पंख चिकटवून ठेवले होते, पोट उघडं होतं. सोबत त्यानेच काढलेले तीन फोटो होते, विमानाच्या आतले.

खोक्यावर लिहिलं होतं, खऱ्याच्या बत्तिसाव्या भागाएवढं.

“बत्तीसच!” ताई आईला म्हणाली. “म्हणजे हे माझंच काम.”

आई हसली नाही. “पूर्ण कर,” एवढंच म्हणाली.

ताईने आत पाहिलं तर वैमानिकाच्या जागेत काहीच नव्हतं. दोन ओबडधोबड खुर्च्या आणि समोर टकलासारखी गुळगुळीत फळी. बाहेरून विमान आणि आतून खेळणं. तिला ते बघवेना. धाकटा मेला ती जागा अशी रिकामी कशी ठेवायची?

मग ती हट्टाला पेटली. खोक्यातल्या खुर्च्या कापून फेकल्या आणि पातळ प्लास्टिकच्या पत्र्यातून अंगठ्याच्या पेराएवढ्या दोन सीटा नव्याने उभ्या केल्या. टूथपेस्टच्या जुन्या ट्यूबचा पत्रा कापून त्यांचे पट्टे केले. दात सरळ करायची तार वाकवून विमान वळवायची स्टिक केली, तिच्या टोकाला मेणाचा थेंब लावून मूठ. घड्याळांसाठी मोहरीएवढ्या चकत्या, त्यांवर एका केसाच्या कुंचल्याने काटे, वर नखांच्या पारदर्शक रंगाचा थेंब दिला की काच झाली. भिंग डोळ्याला लावून ती बसली की आईला दोनदा हाक मारावी लागे.

फोटोंत सगळं दिसत नव्हतं. म्हणून तिने मास्तरला फोन केला.

मास्तर सत्तरीचा झाला होता. मोडलेला पाय आखूड राहिला होता. अपघातानंतर तो कुबड्यांवर आला होता, आईच्या पायाशी बसून रडला होता, आणि तेव्हापासून दर वर्षी त्या तारखेला फोन करायचा. ताईच्या मनात त्याच्याबद्दल राग नव्हता. उलट, धाकट्याला शेवटचं पाहणारा माणूस म्हणून तो तिला जवळचाच वाटे.

रविवारी सकाळी तो येऊ लागला. अठरा पायऱ्या चढायचा, धापा टाकत स्टुलावर बसायचा आणि सांगायचा. “थ्रॉटलची, म्हणजे वेगाची, मूठ काळी. त्याच्या शेजारची लाल. हे नाक सावरायचं चाक थोडं मागे घ्या ताई, हात लांबवला की सापडायचं.” त्याची बोटं हवेत अचूक जागी थांबायची. सव्वीस वर्षांनंतरही.

एकाच ठिकाणी तो अडखळायचा. दोन सीटांच्या मध्ये, मागच्या बाजूला, फोटोत एक पट्टी दिसत होती आणि तिच्यात अडकवलेलं काहीतरी लाल.

“हे काय?”

“काही नाही. सावली असेल.”

दुसऱ्या रविवारी तिने पुन्हा विचारलं. “तिथे काही नव्हतं,” मास्तर म्हणाला आणि पाणी मागितलं. तिसऱ्या रविवारी तो विषय निघताच मास्तर उठलाच.

ताई दिवसभर हिरड्यांचा नेमका रंग जुळवणारी बाई. लालला सावली म्हणणं तिला पटण्यासारखं नव्हतं. तिने विजेच्या तारेवरचं लाल आवरण कापलं, त्याचं तांदळाएवढं नळकांडं केलं, वर तारेचा कान बसवला. चौथ्या रविवारी मास्तर समोर बसला असताना तिने ते चिमट्याने उचललं आणि दोन सीटांच्या मध्ये ठेवलं.

“आग विझवायचं नळकांडं आहे ना हे?”

मास्तरचा चेहरा खडूसारखा झाला. “काढा ते.”

“का?”

“काढ म्हणतो ना!” तो ओरडला. त्या खोलीत इतक्या मोठ्याने कुणी ओरडून बरीच वर्षं झाली होती. त्याने बोटं थेट आत घातली. ते नळकांडं निघालं, पण डावी, धाकट्याची सीटही मोडून त्याच्या बोटांत आली, पट्टे लोंबत. ताईने त्याचं मनगट धरलं. त्याने हिसडा दिला, ती मेजावर आदळली आणि प्लास्टरचे पाच-सहा जबडे जमिनीवर पडून फुटले.

“मास्तर,” ती उठत म्हणाली, “काय आहे त्यात?”

तो स्टुलावर खाली बसला. मग खाली मान घालून बोलू लागला.

“तीन हजार फुटांवर होतो. वेग मुद्दाम कमी करून विमान सावरायचं शिकवत होतो. एक पंख खाली गेला आणि गिरकी सुरू झाली. घाबरण्यासारखं काही नव्हतं, स्टिक पुढे ढकलायची, बस. त्याने दोन्ही हातांनी ती छातीशी ओढून धरली. मी म्हणालो, सोड. सोडेना. मी ओरडलो. मी जितका ओरडलो तितकी त्याची मूठ घट्ट झाली. जमीन चाकासारखी फिरत होती. मी कोपराने त्याच्या बरगड्यांत मारलं. त्याच्या मनगटाला चावलो, ताई. रक्त आलं. तरी सोडेना. मग मागून ते नळकांडं काढलं.”

“आणि?”

“आधी हातांवर मारलं. बोटं मोडल्याचा आवाज आला, इंजिनाच्या आवाजातही आला. तरी मूठ सुटेना. मग डोक्यात.”

“किती वेळा?”

मास्तर बोटांतली मोडकी सीट उलटसुलट फिरवू लागला.

“किती वेळा मारलंस?” ताईने त्याला आजवर कधी एकेरी हाक मारली नव्हती.

“तीनदा हातांवर. दोनदा डोक्यात. दुसऱ्या वेळी तो सैल पडला. मी स्टिक घेतली, गिरकी थांबलीही. पण नाक वर यायला उंची उरली नव्हती.” त्याने तोंड पुसलं. “तो आपटून मेला की त्याआधी, मला माहीत नाही. डोकं फुटलेलंच होतं. कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.”

मेजावर कवळ्या दाबायचा पितळी साचा होता. मुठीएवढा, पण उचलला की मनगट खाली ओढणारा. ताईने तो कधी उचलला हे तिला नंतर आठवत नव्हतं. पहिला घाव मास्तरच्या गालावर बसला. हाड मोडल्याचा आवाज आला, हातातून पडून कवळी तडकावी तसा. तो स्टुलासकट मागे पडला. तिने त्याच्या छातीवर गुडघा ठेवला आणि दुसरा घाव तोंडावर घातला. ओठ फाटला, दात आत गेले. त्याने एकदाच हात वर केला, तिचा गळा धरला, अंगठा रुतवला. तिला श्वास मिळेना. तिने त्याच हाताच्या कोपरावर साचा आपटला. हात गळून पडला. तिसरा घाव डोळ्याच्या वर बसला. रक्त तिच्या चष्म्यावर उडालं आणि तिला समोरचं दिसेनासं झालं. तरी तिने साचा पुन्हा उचलला.

“पुरे.”

दारात आई उभी होती, वॉकरला धरून. किती वेळ उभी होती कोण जाणे.

“याने मारलं त्याला, आई! याने! वारा नाही, काही नाही!”

“ऐकलं मी. खाली ठेव ते.”

ताईने ठेवलं नाही, पण हात थांबला. आई एकेक पाऊल टाकत, फुटक्या प्लास्टरवरून वॉकर खरडत आत आली आणि मास्तरकडे वाकून बघू लागली.

“मास्तर, ऐकू येतंय? तुम्ही ओरडलात तेव्हा तो काही बोलला का?”

मास्तरच्या तोंडातून आधी रक्तच आलं. मग शब्द. “नको... बाबा... म्हणाला. मला वाटलं... मला म्हणतोय.”

आईने डोळे मिटले.

“तुम्हाला नाही म्हणालं पोर. बापाला म्हणालं. तो असाच ओरडायचा.” ती नवऱ्याला कधी ‘तो’ म्हणत नसे, जिवंत असताना ‘हे’, मेल्यावरही ‘हे’. आज म्हणाली. “पट्टा काढून ओरडत आला की पोर पलंगाचा पाय धरून बसायचं. सोड म्हणायचा, हातांवर बूट ठेवायचा. जेवढा ओरडेल तेवढं पोर घट्ट धरायचं. आठव्या वर्षी दोन बोटं मोडली. शाळेत मी सांगितलं, दारात सापडली.”

ताई साचा हातात घेऊन गुडघ्यांवर बसली होती. हे तिलाही ठाऊक होतं. बाप बाहेर गेला की ती पलंगाखाली सरपटत जायची. ओढायची नाही, ओरडायची नाही. कानाशी हळू बोलायची आणि करंगळीपासून एकेक बोट उलगडायची. पाच मिनिटं लागायची. दर वेळी हात सुटायचा.

“हळू बोलायचं होतं,” ती म्हणाली. मास्तरला म्हणाली की स्वतःला, कळलं नाही. “नुसतं हळू बोलायचं होतं त्याच्याशी.”

“वेळ... नव्हता,” मास्तर म्हणाला.

“मला माहीत होतं,” ताई म्हणाली. “विमान शिकायला जातो म्हणाला तेव्हा मी सांगायला हवं होतं कुणाला तरी. मी पेढे... मी गोड वाटत फिरले गल्लीभर.”

आई वळली. बाहेरच्या खोलीत गेली. तिथे भिंतीवर बापाचा मोठा फोटो होता, तो गेल्यापासून बारा वर्षं रोज पुसलेला. आईने वॉकर उचलला, ऐंशीच्या वयात, दोन्ही हातांनी, आणि काचेवर घातला. फोटो खाली आला. ती थांबली नाही. वॉकरचे पाय त्या चेहऱ्यावर पुन्हा पुन्हा आपटत राहिली. चौकटीचे तुकडे झाले, कागद फाटला, काच तिच्या पावलात शिरली तरी आपटत राहिली. शेवटी खालचा शिंपी धावत वर आला आणि त्याने तिला मागून धरलं. दोन खोल्यांत दोन तऱ्हांचं रक्त बघून तो बिचारा भिंतीलाच टेकला. रुग्णवाहिका त्यानेच बोलावली, पोलीसही.

मास्तरचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. सहा दात गेले. डाव्या डोळ्याने पुढे फक्त उजेड-अंधार कळायचा. जबडा तारेने बांधलेला, म्हणून त्याने पोलिसांना कागदावर लिहून दिलं: ‘माझी तक्रार नाही.’ त्याच कागदाखाली त्याने विमानातली हकिकतही लिहिली, एकूण नऊ पानं.

“तुमची तक्रार असो-नसो,” फौजदार म्हणाला, “डोळा गेलाय माणसाचा.”

ताईने काहीच नाकारलं नाही. “मीच मारलं. आई आली नसती तर संपवलं असतं,” असं तिने न्यायाधीशासमोरही सांगितलं, वकिलाने कपाळाला हात लावला. दोन वर्षांची शिक्षा झाली. आईचं वय आणि मास्तरचं लेखी म्हणणं बघून ती स्थगित ठेवली गेली, दर सोमवारी ठाण्यात हजेरी लावायच्या अटीवर. मास्तरची नऊ पानं विमानांचा तपास करणाऱ्या कचेरीत गेली. तिथून उत्तर आलं की इतकं जुनं दप्तर आता ठेवलेलं नाही.

डॉक्टरांपैकी दोघांनी ताईला काम पाठवणं बंद केलं. उरलेल्या दोघांच्या कवळ्या ती करत राहिली. विमान तसंच, पोट उघडं ठेवून, फडक्याखाली पडून होतं.

निकालानंतर पाच महिन्यांनी मास्तर आला. बोलावलं होतं आईने. ताईने दार उघडलं, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. एका बाजूला गाल खचलेला, ओठावर शिवण, डोळा दुधाळ. तिने त्याला आत घेतलं आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

“मला सगळं सांगा,” आई म्हणाली. “सकाळी तो तुम्हाला भेटला तिथपासून. काही गाळू नका. मारलंत तेही.”

मास्तरने सांगितलं. जबडा नीट उघडत नव्हता, त्यामुळे शब्द घोळत येत होते. धाकटा त्या दिवशी नवे बूट घालून आला होता. धावपट्टीवर एक कुत्रं आडवं आलं तेव्हा तो हसला होता. उड्डाण त्याने एकट्याने केलं, सुरेख केलं. मग गिरकी. आईने एकेक घाव विचारून घेतला, कुठे बसला, कोणत्या हातावर. तिचा चेहरा हलला नाही. सगळं झाल्यावर ती म्हणाली, “बापाने आठ वर्षं मारलं आणि तुम्ही एक मिनिट. मी दोघांच्याही वेळी घरातच होते.” आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

मास्तर उठला. एका डोळ्याने त्याला पायरीचा अंदाज येईना. आखूड पाय हवेत चाचपडत राहिला. ताईने पुढे होऊन त्याचा दंड धरला. अठरा पायऱ्या दोघं उतरली, एकेक करून, तिची बोटं त्याच्या बाहीवर घट्ट. शिंपी मशीन थांबवून बघत राहिला.

खाली रस्त्यावर आल्यावर मास्तर म्हणाला, “ती डावी सीट मोडली माझ्या हातून. मापं सांगायला पुढच्या रविवारी येऊ का?”

“नको,” ताई म्हणाली.

त्याने मान हलवली. तिने त्याला रस्ता ओलांडून दिला आणि परत आली.