घटापाशी ठेवलेली बाटली

लतीफ कंपाउंडरने खलात डिंकाची पूड टाकली, वर जंतांवरचं तेल ओतलं आणि बत्ता गरगर फिरवायला घेतला. पाणी पडताच तेल-पाणी एक होऊन सायीसारखं दाट, पांढरं व्हायला हवं होतं. पांढरं झालं, पण पातळ. लढाई सुरू झाल्यापासून मुंबईचा चांगला डिंक कापूरहोळच्या फाट्यापर्यंतसुद्धा येत नव्हता. भोरच्या दवाखान्यात आता हा रानातला तांबूस डिंक होता. तो तेल धरायचा, पण सैल मुठीने.

बाकावर बसून धोंडाबाई बघत होती. तिच्या मांडीला तिची थोरली मुलगी भिमा टेकली होती. ओठ पांढरे, नखांत खाल्लेली माती. जंतांनी पोर आतून पोखरली होती.

"एवढं घोटताय, मला वाटलं चटणीच वाटताय."

"चटणीनं तोंड भाजतं, धोंडाबाई. ह्यानं आतडी भाजतील." लतीफने रुंद तोंडाच्या बाटलीत औषध भरलं. "तेल लई जहाल हाय. पाण्यात मिसळलेलं असलं तर औषध. वर येऊन एकटंच पोटात गेलं तर जहर. हा डिंक त्याला लई येळ धरणार न्हाई. म्हणून दर सकाळी बाटली जोरात हलवायची, मग एक पळी द्यायची. ध्यानात राहील?"

"राहील की."

दसरा उलटल्यावर ती परत आली. कडेवर धाकटी मुलगी होती, मागे काठी टेकत सासू फुलाबाई. लतीफने त्यांच्या मागे, दाराकडे पाहिलं. तिथून आणखी कोणी आलं नाही.

धोंडाबाईने बाटली टेबलावर ठेवली. निम्मी उरली होती. त्याने ती उजेडात धरली. आत ताकाच्या निवळीसारखं पाणी होतं. बूच काढून त्याने वास घेतला. तेलाचा वाससुद्धा राहिला नव्हता.

"घट बसले हुते," फुलाबाई म्हणाली. "म्याच बाटली घटापाशी ठेवली, आईच्या नदरेखाली. घट बसल्यावर तितलं काय हलवत्यात व्हय? ही म्हणत हुती, हलवायला सांगितलंया. म्या हिला दटावलं. बाटली जागची न हलवता पळीनं वरचं वरचं काढून पाजलं. पोर झटके देऊन गेली." म्हातारीने टेबलाची कड घट्ट धरली. "खरं सांगा, लतीफभाई. हलवली असती तर जगली असती का?"

धोंडाबाईने लतीफकडे पाहिलं.

त्याने बूच सावकाश घट्ट बसवलं.

"न्हाई, मावशी. हलवून काय झालं नसतं. डिंकच खराब हुता. चूक माझ्या हातनं झाली."

म्हातारीने टेबलाची कड सोडली.

"म्हंजी तू मारलीस?"

"व्हय."

"मुडद्या!" ती उंबऱ्यावर थुंकली. "माझी नात खाल्लीस. साऱ्या मावळात सांगीन. ह्या दारात कुत्रं फिरकायचं न्हाई."

ती बाहेर गेली. येताना वाकलेली तिची पाठ जाताना ताठ होती. रस्त्यावर कोणाला तरी थांबवून ती मोठमोठ्याने सांगू लागली. लतीफचं नाव दोनदा ऐकू आलं.

धोंडाबाई मात्र जागची हलली नव्हती. कडेवरच्या पोरीने तिच्या खांद्यावर मान टाकली होती. त्या पोरीचेही ओठ पांढरे होते.

"सासूबाई बाजारच्या दिशी नसरापूरला असत्यात," ती बाहेर जाणार नाही अशा आवाजात म्हणाली. "हिला तवा आणू का? तुमच्या हातानंच पाजा."