डांबराखालची चांदणी

मी विहिरीतून बोलतेय. घाबरू नका, भूतबीत काही नाही. कासवी आहे मी, आणि अजून जिवंत आहे. ओरडले असते, पण देवानं आमच्या जातीला ओरडण्यापुरता गळा दिला नाही.

खरं तर मी विहिरीतली नव्हेच. मी कोरड्या जमिनीची. माझ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या आहेत, म्हणून आम्हाला चांदणी कासव म्हणतात. आम्हाला पोहता येत नाही. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा, माझ्या जिवावर तीच उठली आहे.

एक्क्याऐंशी साली माझा मालक रखमाजी, मेंढपाळ माणूस, घोंगड्या विकायला हैदराबादला गेला होता. तिथल्या बाजारात एका टोपलीत आम्हाला एकावर एक रचलं होतं. मेंढी घेताना पाहतात तसं त्यानं माझं तोंड पाहिलं, पाय ओढून पाहिले आणि मला घेतलं. सोबत एक नरही घेतला. घोंगडीत गुंडाळून त्यानं आम्हाला केदारखेड्याजवळच्या आपल्या वस्तीवर आणलं.

"मेंढरं कमी पडली का, म्हणून आता दगडं चारायची?" त्याची बायको आसराबाई कडाडली. पण मी अंडी घातली तेव्हा तीच जास्त हरखली. ती पहिली अंडी नासली. अंड्याची कूस बदलली की आतला जीव मरतो, हे त्यातून दोघांना कळलं. मग आसराबाई प्रत्येक अंड्याच्या वरच्या अंगाला कुंकवाचं बोट लावू लागली. मडक्यात वाळू भरायची, कुंकू वर ठेवून अंडी मांडायची आणि मडकं चुलीच्या उबेला ठेवायचं. माझी पोरं कुंकू लावूनच जन्माला आली म्हणा ना!

देवापुढं दगडाचं कासव असतं, तेव्हा दारातलं जिवंत कासव म्हणजे बरकत, अशी लोकांची समजूत. नव्या घराला रखमाजीकडून पिल्लू न्यायची आसपास रीतच पडली. तो प्रत्येकाला बजावायचा, "हे जमिनीचं हाय बरं का. इहिरीत बिलकुल टाकायचं न्हाई."

लेकरं जात राहिली, मी अंडी घालत राहिले. सुखाचेच दिवस होते ते.

मग कायदा कडक झाला. दिल्लीत म्हणे एक यादी आहे, नाहीशा होत चाललेल्या जिवांची. तिच्यात आमचं नाव. आम्हाला जपायचं म्हणून आम्हाला पाळायला बंदी. यादीतला जीव म्हटल्यावर भाव चढला आणि मुंबईचे व्यापारी वस्तीवर चकरा मारू लागले. रखमाजीनं त्यांना दारातून हाकललं. तेव्हा मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता!

पण जालन्यात पोतंभर कासवांसकट एक जण धरला गेला आणि सगळ्यांची पाचावर धारण बसली. ज्यांनी माझी पिल्लं बरकतीला नेली होती, त्यांनी ती आपापल्या विहिरीत टाकली. रखमाजीनं नर माळावर सोडला, तर सकाळी कुत्री त्याची पाठ चघळत होती. चुलीजवळच्या मडक्यात त्या वर्षीची अंडी होती. आसराबाईनं ती एकेक करून पेटत्या चुलीत टाकली. टाकण्याआधी तिनं प्रत्येकाची कुंकवाची बाजू खाली केली, बस्स, एवढीच तिची माया.

उरले मी. मला मारायला रखमाजीचा हात धजेना. त्यानं पत्र्याला लावायचं डांबर आणलं, मला दोन पायांत दाबलं आणि माझी पाठ काळी केली. डांबर गरम होतं. "आता हिला कोण वळखतंय?" तो बायकोला म्हणाला. मी भाजले होते, ते दोघांपैकी एकालाही दिसलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात वनखात्याचा माणूस आला. स्वभावानं चांगला वाटला.

"तुमच्याकडं चांदणी कासवं हाएत म्हणं?"

"न्हाई साहेब. होती, आता न्हाईत."

रखमाजीचा आवाज आला की त्याच्याकडं चालत जायचं, ही माझी जुनी खोड. मी गेले.

"मंग ही?"

रखमाजी अडखळला. "ही... इहिरीतली हाय, साधी. गाळ काढायला गेल्तो, तव्हा वर आणली."

"रानचा जीव घरात ठेवू नये, बाबा. जिथून काढली तिथं सोडा. चला, माझ्यासमोरच सोडा जल्दी."

"अवं..." आसराबाई पुढं झाली.

"गप!" रखमाजी म्हणाला.

खरं बोलला असता तर तुरुंग होता, हे मला मान्य आहे. विहिरीच्या काठावर त्याचा अंगठा माझ्या पाठीवरून एकदा फिरला. मग त्यानं हात सोडले.

पाणी कमी होतं म्हणून वाचले. गटांगळ्या खात एका कपारीला लागले आणि तिथंच बसून राहिले. मागचा एक पाय तेव्हापासून हलत नाही. रोज दिवस कलला की वरून मूठभर पाला पडायचा. टाकणारा खाली वाकायचा नाही. तरी मी म्हणायचे, आज ना उद्या हा टोपली सोडील.

आता झरे फुटलेत. पाणी कपारीपर्यंत आलंय आणि डांबराच्या खपल्या सुटू लागल्यात. काल रखमाजी पहिल्यांदा खाली वाकला. पाठीवरची उघडी पडलेली चांदणी त्यानं पाहिली. माझं मन केवढं उचंबळून आलं!

आज पाला पडला नाही. बाभळीच्या फांद्या पडल्या. कुणी डोकावू नये म्हणून त्यानं विहिरीचं तोंड काट्यांनी झाकलं.

रखमाजी, पाणी माझ्या हनुवटीला लागलंय. तुला शाप द्यायला माझ्याकडं वेळ नाही. एकच मागते. मेल्यावर मी फुगून वर येईन. तोवर डांबर सगळं निघालेलं असेल. तेव्हा कुणी विचारलं, तर निदान तेव्हा तरी मला विहिरीतली म्हणू नकोस.