माझ्याच अंगाची पट्टी

मी बंपर बोलतोय, गाडीचा पुढचा. ठोकर बसल्याशिवाय माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, म्हणून आज स्वतःहून तोंड उघडलं.

लोक मला लोखंडाचा समजतात. छे! वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबलं, झाला माझा जन्म. काम एकच, पहिला मार मी खायचा.

पण मालकांनी मला ओरखडाही पडू दिला नाही. रोज ओल्या फडक्याने पुसायचे. बायकोची नजर किल्लीकडे गेली की म्हणायचे, "तू शेजारी बस, रस्ता बघ." तिने जन्मभर रस्ताच बघितला. मग मालक गेले. गाडीवर कापड पडलं, माझ्या जाळीत कोळ्याने घर केलं.

त्यातच बाईंच्या, म्हणजे मालकांच्या बायकोच्या, सासूबाईंचा हात भाजला. पट्टी बदलायला दवाखान्यात न्यायचं, तर दिरांची वाट बघत बसायचं. दिरांना सवड कधी? शेवटी बाई गाडी शिकल्या. आणि पहिल्याच दिवशी फाटकाच्या खांबावर मला आदळलं. वीतभर भेग पडली.

दीर तावातावाने आले. "वहिनी, दादाने जिवापाड जपलेली गाडी! किल्ली द्या इकडे. तुमचं काम नाही हे."

"रविवारी या," बाई म्हणाल्या. "बंपर धड नसला तर किल्ली न्या. धड असला तर हे पुन्हा तोंडातून काढायचं नाही."

मला काढून अंगणात पालथं घातलं. बाईंनी नाकाला ओलं फडकं बांधलं आणि मालकांचं रेडिओच्या तारा डागायचं सोल्डरिंग आयर्न तापवलं. भेग संपते तिथे आधी बारीक भोक पाडलं, नाहीतर ती पुढे पळते. मग चहाच्या गाळणीची स्टीलची जाळी आतून माझ्या अंगात रुतवली. चटके बसले, पण हूं की चूं केलं नाही.

भेग भरायला त्यांनी जुन्या बादलीचं प्लास्टिक वितळवलं. गार झाल्यावर नख लावलं, तर खपलीसारखं निघून आलं! बाईंनी ती खपली अंगणात भिरकावली.

खुर्चीवरून सासूबाई म्हणाल्या, "माझ्या हाताला डॉक्टरांनी माझ्याच मांडीचं कातडं लावलं गं. बादलीचं नव्हे."

बाईंनी वर बघितलं. मग मला चाचपत माझी आतली कड शोधली, कुणाला न दिसणारी. तिची पट्टी कापली, वितळवली, भेगेत भरली. माझं मलाच लागलं आणि एकजीव झालं.

रविवारी मी पुन्हा गाडीला लागलेलो. दिरांनी अंगठ्याने दाबलं, मग गुडघा रेटून बघितला. मी हललो नाही.

"रेघ दिसतेय पण," ते पुटपुटले.

"दिसू दे. माझ्याही हातावर दिसते," म्हणत सासूबाई पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. "चल गं, दवाखान्याची वेळ झाली. मी रस्ता बघते, तू चालव."

दीर फाटक उघडायला गेले. खांबापाशी बाईंनी वेग कमी केला, मी अंग चोरलं. गाडी हळूच बाहेर पडली.

आता माझं वय झालंय. पुढचा मारही मीच खाणार, त्याची तक्रार नाही. एवढंच मागणं आहे, पुन्हा फाटलो तर लगेच भंगारात भिरकावू नका. आधी पालथा घालून बघा. आतली कड अजून थोडी शिल्लक आहे.