बाईच्या वाट्याचं झाड

गोरेगावच्या बसथांब्याजवळच्या पानठेल्यावर जियालालचं रोज सकाळी व्याख्यान असे. मोबाइलवर पाहिलेलं जंगलाचं ज्ञान तो तिथे फुकट वाटायचा. ब्राझीलमध्ये लोक मैलोन्‌मैल जंगल तोडतात, जाळतात. मग झाडांनी लाकडात कोंडून ठेवलेला कार्बन हवेत जातो, अख्खी पृथ्वी तापते, ढगांना पाणी पुरत नाही आणि ऋतू आपलं वेळापत्रक विसरतात, हे तो इतक्या तळमळीने सांगे की ऐकणाऱ्याला वाटावं, त्या लोकांनी याच्याच धानाच्या बांधीत कुऱ्हाड घातली.

बांधीतल्या कुऱ्हाडीचा बेत मात्र खुद्द जियालालचा होता. त्याच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, मोहाचं जुनं झाड होतं. त्याच्या सावलीत धान भरत नसे, म्हणून ते त्याच्या डोळ्यांत सलायचं. पण झाड त्याचं नव्हतं. वाटणीच्या वेळी वडिलांनी जमीन त्याला दिली आणि हा एक मोह थोरल्या लेकीला, ओमेश्वरीला; जियालाल तिला बाई म्हणे. तिला चिचगडला दिलेलं. दरवर्षी होळी झाली की ती यायची, आठ दिवस राहायची, सकाळी सकाळी फुलं वेचायची आणि वाळवून घेऊन जायची.

होळीला अजून पंधरा दिवस होते. आता झाड पाडलं, तर बाई येईपर्यंत भुसाही दिसणार नाही. वादळात पडलं म्हणून सांगता येईल. फेब्रुवारीत वादळ कसलं, असं विचारण्याइतकी बाई चौकस नाही, अशी जियालालची समजूत होती. साठ वर्षं तिचा भाऊ असूनही ही समजूत टिकली, याचं कौतुकच केलं पाहिजे.

ठरल्या सकाळी तो केवळरामला घेऊन निघाला. केवळराम मशीनने झाडं कापायचा आणि सवड मिळेल तेव्हा ठेल्यावर व्याख्यानही ऐकायचा. धुऱ्याजवळ येताच दोघं थबकले. झाडाखाली बाई बसली होती, पुढ्यात टोपली घेऊन.

"काऊन वो बाई, तू आता कशी?" जियालालच्या तोंडून कसंबसं निघालं.

"चिचगडचे मोह गळून राहिले ना गा. म्हटलं, आपलाही गळत असन. पहिल्या गाडीनं आली. घरी गेली नाही, सरळ इथंच आली."

खाली खरंच फुलांचा सडा पडला होता. इतके दिवस जियालालने झाडाची सावली तेवढी पाहिली होती, वर मान करून फांद्या नाही. ऋतू वेळापत्रक विसरले, असं साऱ्या गावाला सांगणारा हा माणूस स्वतः होळीच्या भरवशावर राहिला होता.

बाईची नजर केवळरामच्या खांद्यावरच्या मशीनवर गेली. "हे कायले?"

जियालाल वर फांद्यांकडे पाहू लागला. केवळरामने डोकं खाजवलं. "भाऊ, एक विचारू? ते ब्राझील कोठून सुरू होते? तुमच्या धुऱ्याच्या अलीकडून का पलीकडून?"

बाई हसली नाही. वेचता वेचताच म्हणाली, "काप बापा. जमीन तुजी हाय. पण मंग माजं येणं बंद होईन. राखीले तू बोलावणं विसरतेस, दिवाळीले विसरतेस. हे झाड नाही विसरत. औंदा तर पंधरा दिस आधीच बोलावलं त्यानं मले."

जियालालला फार वाईट वाटलं. इतकं त्याला ब्राझीलसाठीही कधी वाटलं नव्हतं. ऊन तोवर चटके द्यायला लागलं होतं. तो सावलीत सरकला, डोक्याचा दुपट्टा सोडून अंथरला आणि एकेक फूल वेचून त्यावर टाकू लागला.

"मशीनचं काय करू?" केवळरामने विचारलं.

"घरी घेऊन जा. आन् जाता जाता आमच्या घरी सांग, बाई आली हाय म्हणून. आठ दिस राहणार हाय."

"पंधरा," बाई म्हणाली. "औंदाची होळी इथंच करून जाईन."