मासे जगले पाहिजेत

डोळा. माशाचा, उघडाच – आणि काचेला इतका टेकलेला की तो आत बघतोय की बाहेर, कळेना. बाकीचे सगळे पोट वर करून तरंगत होते, एकाच दिशेला तोंडं करून, उद्घाटनाच्या तालमीला उभे असल्यासारखे. टाकीवर पाटी होती: ‘शहर जे पाणी पितं, त्याच पाण्यात आम्ही पोहतो.’

मग शहराचं कठीण आहे, असं ते बघणाऱ्या इंजिनिअरला वाटलं आणि हसू आलं. ते तोंडातच राहिलं, कारण टाकी त्याच्याच आराखड्यातली होती. गाळ बसवायचे हौद, वाळूचे थर, ती वाळू धुणारी उलटी धार... अख्खं जलशुद्धीकरण केंद्र त्यानं वर्षानुवर्षं खपून उभं केलं, आणि शेवटी हौसेनं, पाहुण्यांसाठी, ही टाकी आखून तिचा नळ जोडला थेट क्लोरीन मिसळलेल्या पाण्याला. माणसाला वाचवतं ते माशाला मारतं, हे कुणाही पोराला... रेघ वाकडी गेली, बाबा म्हणाले असते.

“मेले ना?” साहेब मागे येऊन उभे होते.

“क्लोरीननं, साहेब. नळ दुसरीकडून घ्यावा लागेल.”

“उद्या मंत्री यायचेत. फरशी फोडता?”

“मग पाटी काढू.”

“पाटी मंत्र्यांनी स्वतः लिहिलीय. क्लोरीन कुणी लिहिलंय?”

प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या, औषध टाकून टाकीतलं क्लोरीन मारता येतं, पण पाणी वाहतं आहे, सारखं टाकावं लागेल. “मंत्र्यांसमोर चमचा घेऊन कोण बसणार, सर?”

“एक दिवस बंद ठेवा सगळंच,” साहेब म्हणाले. “आणि टाकी कुणाच्या डोक्यातून निघाली, हे मी विचारत नाहीये.”

न विचारलेल्या त्या प्रश्नानं त्याचा हात उचलला. “वरच्या गावांची गटारं येतात हो नदीत,” बाई हळूच म्हणाल्या. क्लोरीनचा मुख्य व्हॉल्व्ह त्यानं स्वतःच बंद केला. सवयीनं, नीट, शेवटचा पाव फेराही न चुकवता.

दुपारी तो मासे आणायला गेला.

“आधीचे?” दुकानदारानं विचारलं.

“वारले.”

“पाणी कुठलं घालता?”

“शहराचं.”

“ते यांना नका घालू. तुम्हीच प्या.”

पिशवी टाकीत रिकामी करताना त्याचं बोट पाण्यात बुडालं, आणि तो एकदम लहान झाला – बैठकीत पाहुणे, हातात तांब्याभांडं, आणि बाबा ते पाणी सगळ्यांदेखत कुंडीत ओततायत: बोट बुडवलंस, जा, दुसरं आण. मग दुसरं. मग तिसरं. पाहुण्यांना तहान तरी लागली होती का... नवे मासे मजेत पोहू लागले. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

घर केंद्राच्या जवळच, पहिल्याच जलवाहिनीवर. बाबा बेसिनपाशी त्याची वाट बघत उभे होते, आजारपणानं निम्मे झालेले. पोट पुन्हा बिघडलं तर निभावणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं; पण बाबा आधीपासूनच विकतच्या जारचं पाणी पीत. केंद्राची चाचणी सुरू झाल्यापासून रोज संध्याकाळी मात्र त्याच्यादेखत नळाचा एक घोट घेत, तोंडात घोळवत आणि बेसिनमध्ये थुंकत. “दवाखान्याचा वास. नाही जमलं अजून.”

“चला, निकाल लागू दे तुझा,” बायको स्वयंपाकघरातून त्याला म्हणाली.

बाबांनी घोट घेतला. घोळवला. गाल थांबले. मग मानेवरची सैल कातडी वर जाऊन खाली आली.

“अरे,” बाबा म्हणाले. “गोड आहे.” ग्लास उजेडात धरून त्यांनी उरलेलंही पिऊन टाकलं. “जमलं की तुला.”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

बाबा, थुंका. एवढंच म्हणायचं होतं, दोन शब्द. ते त्याच्या जिभेवर आलेही. त्यानं ते तोंडात घोळवले, एका गालातून दुसऱ्या गालात... आणि गिळले. खरंच गोड होते. जमलं की तुला – जन्मभर या माणसाच्या तोंडून हे ऐकायला आपण नद्या अडवल्या, डोंगराएवढी वाळू चाळली, आणि ते निघालं कशातून... सांगेन. मी सांगणार आहे. त्यांचं हे पिऊन झालं की सांगेन.

“अजून दे,” बाबांनी ग्लास पुढे केला.

त्यानं नळ सोडला, ग्लास काठोकाठ भरला आणि बुडाशी धरून त्यांच्यापुढे नेला – जपून, पाचही बोटं बाहेर ठेवून.