शेपटीचे सहा पट्टे

मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून ठेवते. त्यातून काम प्रयोगशाळेत उंदीर सांभाळायचं. दिवसभर अशा जिवांशी बोलायचं, जे ढिम्म ऐकत नाहीत. त्यांच्याहून कमी ऐकणारे एकच, आमचे हे. शिंपी आहेत.

तर आमच्याकडे पीएचडी करणारी एक मुलगी आहे. अंगानं काडी, चष्मा सदानकदा नाकावरून घसरलेला. अंतराळात वजन हरवलं की रक्तवाहिन्यांचं काय होतं, ते तिला बघायचं होतं. आता उंदराला अंतराळात कोण नेणार? म्हणून शेपटीला पट्टा बांधून त्याला पिंजऱ्याच्या छताला टांगायचं. पुढचे पाय जमिनीवर, मागचे अधांतरी. असे अठ्ठावीस दिवस. मग म्हणे रक्त डोक्याकडे जातं, तिकडच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात आणि रिकामटेकड्या मागच्या पायांतल्या पातळ. तिचा प्रयोग दोनदा फसला होता, चार वर्षं गेली होती. ही तिसरी खेप फसली तर पीएचडी बोंबलणार होती.

विकतचे पट्टे उंदीर कुरतडून टाकायचे. मीच शहाणी! म्हटलं, आमचे हे शिवून देतील. दिले की. सुबक, दुहेरी शिलाईचे, सहा.

मागचे पाय टेकत नाहीत ना, म्हणून रोज सकाळी मी त्यांच्याखालून काडेपेटी सरकवून बघायची. सुळकन जायची. उंदीर गाढ झोपलेले. "गुणाची गं माझी बाळं," म्हणायची आणि खाणं टाकायची.

अठ्ठावीस दिवस संपले. मुलीनं रक्तवाहिन्यांचे काप मायक्रोस्कोपखाली ठेवले आणि किंचाळली. मला वाटलं, बोट कापलं! मागच्या पायांतल्या भिंती पातळ होणं राहिलं बाजूला, चांगल्या जाडजूड झाल्या होत्या. तिच्या गाईड, मोठ्या मॅडम, धावत आल्या. "हे कुणालाच सापडलेलं नाही!" मुलीनं मला धरून टेबलांमधून गरागरा फिरवलं. मग आईला फोन लावला. "आई, झालं गं, झालं एकदाचं!" आणि ढसाढसा रडली. मीही रडले.

संध्याकाळी पट्टे धुवायला घेतले. एक पिळायला गेले तर हातभर लांबला. सोडला तर फाटकन नाकावर बसला.

घरी जाऊन विचारलं, "अहो, यात इलास्टिक घातलंत?"

"मग? नुसतं कापड काचलं असतं त्यांना."

"उंदराची शेपटी आहे ती, तुमच्या गिऱ्हाइकाची कंबर नाही!"

"जीव आहे तो," हे म्हणाले आणि सुईत दोरा ओवायला लागले. असा संताप आला म्हणून सांगू!

म्हणजे माझी पाठ वळली की गुणाची बाळं पुढच्या पायांनी जमीन धरून, पट्टा ताणून मागच्या पायांनी दणादण उड्या मारत होती. रोज. वजन हरवणं कुठलं, तालीमच चालली होती त्यांची!

गप्प बसले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण उद्या अंतराळात निघालेला कुणी हे वाचायचा आणि पायांचं काही बिघडत नाही म्हणून निर्धास्त राहायचा. सकाळी जाऊन सगळं सांगून टाकलं. मॅडमनी कपाळाला हात लावला. मुलीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि निघून गेली.

दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वही घेऊन आली.

"मावशी, बारा पट्टे लागतील. सहा इलास्टिकचे, सहा बिनइलास्टिकचे. उड्या मारणारे आणि नुसते टांगलेले, दोन्ही शेजारी शेजारी ठेवायचे. मॅडम तयार आहेत."

"अगं, अजून एक वर्ष जाईल तुझं."

"जाईल."

मला राहवेना. म्हटलं, "मी तोंड उघडलं नसतं तर तू डॉक्टर झाली असतीस."

"हो," ती म्हणाली. "आणि खरी झाले नव्हते, हे मला कधी कळलंच नसतं."

मग तिथेच, रिकाम्या पिंजऱ्यांसमोर फतकल मारून ती रडली. मी शेजारी बसले आणि तिला पोटभर रडू दिलं.